भोकराच्या काठ्या आणि रात्रीचा पहारा

भोकराचं लोणचं ज्यांनी घरी घातलं आहे त्यांना त्या फळाच्या चिकटपणाबद्दल काही सांगायला नको. कच्चं भोकर फोडून बी काढताना बोटं अशी बरबटतात, की राख किंवा मीठ चोळल्याशिवाय सुटका नाही. याच जातीच्या झाडाची पिकलेली फळं भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, सायप्रस बेटावर, वेगळ्याच कामासाठी उकळली जातात. गर आटवायचा, त्यात मध घालायचा आणि तयार झालेला चिकटा दोन-अडीच फुटांच्या काठ्यांना फासायचा. या काठ्या डाळिंबाच्या किंवा ऑलिव्हच्या झाडात अशा खोचतात, की रात्रभर उडून दमलेल्या पाखराला तीच फांदी बसायला सोयीची वाटावी. पाखरू बसतं, पाय चिकटतात. उडायला पंख झाडतं, तर पंख चिकटतात. सुटायला चोच घालतं, तर चोचही अडकते. मग ते उलटं लटकून राहतं, पकडणारा फेरीला येईपर्यंत.

आपल्याकडच्या पारध्यांनाही हे तंत्र ठाऊक आहे. वड-पिंपळाच्या चिकाचा लासा ही जुनी विद्या. पण लाशावर चार पाखरं धरून घरची चूल पेटवणं वेगळं आणि सायप्रसमध्ये आज चालतो तो धंदा वेगळा.

तिथं या पाखरांच्या पदार्थाला अंबेलोपूलिया म्हणतात. पाखरं भाजून, उकडून किंवा व्हिनेगरमध्ये मुरवून देतात आणि ती डोक्यासकट, हाडांसकट खाल्ली जातात. बारा पाखरांची एक प्लेट ४० ते ८० युरोंना जाते. हा सगळा व्यवहार पडद्याआड चालतो, कारण १९७४ पासून तो बेकायदा आहे. सायप्रस २००४ मध्ये युरोपीय संघात गेल्यावर संघाचा १९७९ चा पक्षी-संरक्षणाचा कायदाही लागू झाला. जाळी, चिकट काठ्या, आवाजाची आमिषं, सगळ्यावर बंदी. तरी खानावळीत ओळखीच्या गिऱ्हाईकाला डिश मिळते. या चोरट्या व्यापाराची उलाढाल वर्षाला दीड कोटी युरोंच्या घरात असल्याचा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो.

परंपरा जुनी आहे, हे मात्र खरं. सोळाव्या शतकात बेटावर व्हेनिसची सत्ता होती तेव्हा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या पाखरांच्या बरण्या इथून व्हेनिसला जात. गरीब बेटावरच्या शेतकऱ्याला मांस मिळायचं ते असंच. पकडणाऱ्यांची बाजू घेणारे आजही हाच दाखला देतात. त्या परंपरेत रात्रभर वाजणारा लाउडस्पीकर आणि नायलॉनचं जाळं कुठं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

ज्या पाखरासाठी हा खटाटोप, ते वटवट्यांच्या कुळातलं. इंग्रजी नाव ब्लॅककॅप. नराच्या डोक्यावर काळी टोपी, मादीची टोपी विटकरी. वजन १६ ते २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमणीहून हलकंच. उन्हाळ्यात हे पाखरू किडे खातं आणि शरद ऋतूत अंजीर, द्राक्षं, रानफळं खाऊन अंगावर चरबी चढवतं. ती चरबी म्हणजे प्रवासाचं इंधन आणि खवय्यांना हवी असते तीही तीच.

एवढ्याशा जिवाला वाट कोण दाखवतं, या प्रश्नानं जर्मन शास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी झपाटली होती. फ्रान्झ आणि एलेओनोरे झाऊएर या दांपत्यानं १९५० च्या दशकात वटवट्यांची पिल्लं बंद खोलीत वाढवली. त्यांनी आकाश कधी पाहिलं नव्हतं, आईबापांबरोबर कधी प्रवास केला नव्हता. स्थलांतराचे दिवस आल्यावर त्यांना ब्रेमेनच्या तारांगणात नेलं. घुमटावर कृत्रिम तारे उमटले आणि पाखरं पिंजऱ्यात नेमक्या त्या दिशेला तोंड करून फडफडू लागली, ज्या दिशेला त्यांचे भाईबंद त्या ऋतूत खरोखर जातात. एका शुभ्रकंठी वटवट्याला घुमटावर टप्प्याटप्प्यानं दक्षिणेकडचं आकाश दाखवत नेलं. आग्नेयेकडे झुकलेला तो पक्षी पुरेसं दक्षिणेचं आकाश दिसताच सरळ दक्षिणेला वळला. या जातीचा खरा मार्ग तोच आहे. आधी आग्नेयेला, भूमध्याच्या पूर्व टोकापर्यंत, आणि मग दक्षिणेला, नाईलच्या बाजूनं आफ्रिकेत. झाऊएर यांच्या काही निष्कर्षांवर पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या, पण रात्री उडणारी पाखरं ताऱ्यांचा आधार घेतात ही मूळ गोष्ट टिकून राहिली.

ब्लॅककॅपच्या बाबतीत पुढचा धागा आंद्रेआस हेल्बिग यांनी सोडवला. नैर्ऋत्य जर्मनीतले ब्लॅककॅप हिवाळ्यासाठी नैर्ऋत्येला, स्पेनकडे जातात. पूर्व ऑस्ट्रियातले आग्नेयेला, तुर्कस्तानच्या बाजूनं पूर्व आफ्रिकेकडे. हेल्बिग यांनी दोन्हीकडच्या पाखरांची जोडी लावली. त्यांची पिल्लं शरद ऋतूत ना इकडे वळली ना तिकडे. त्यांनी मधली दिशा धरली, जवळपास सरळ दक्षिण. म्हणजे दिशा रक्तातून येते आणि दोन रक्तं मिसळली की दिशाही मिसळते. हा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आग्नेयेला जाणाऱ्या पाखरांच्या वाटेवर तुर्कस्तान संपलं की समुद्र लागतो आणि त्या समुद्रात सायप्रस. तिथून इजिप्तचा किनारा चारएकशे किलोमीटर आणि किनाऱ्यापलीकडे सहारा. मधे उतरायला एवढीच जमीन, त्यामुळे पूर्व युरोपातली पाखरं थव्यांनी इथं टेकतात. बेटावरच्या माणसांनी हे शेकडो वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

चिकट काठ्या म्हणजे किरकोळ व्यापार. घाऊक काम जाळ्यांचं. बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात धेकेलिया नावाचा ब्रिटिश लष्करी तळ आहे. १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटननं दोन तळांची जमीन स्वतःकडे ठेवली, त्यातला हा एक. त्याच्या केप पायला या भूशिरावर पकडणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. कोरड्या माळावर त्या जगाव्यात म्हणून नळ्या टाकून पाणी दिलं. झाडी दाट झाल्यावर तिच्यात अरुंद बोळ कापले आणि त्या बोळांत जाळी ताणली. काळा नायलॉन इतका बारीक, की पहाटेच्या अंधूक उजेडात माणसालाही दिसत नाही. जाळ्यांचे खांब सिमेंट भरलेल्या जुन्या टायरांत उभे करतात. पडलेली पाखरं गवतात हरवू नयेत म्हणून काही ठिकाणी खाली जुने गालिचे अंथरलेले असतात.

आणि शेजारी खडीचे ढीग. हा तपशील पहिल्यांदा वाचताना अर्थबोध होत नाही. रात्रभर झाडीत ब्लॅककॅपच्या गाण्याची ध्वनिफीत मोठ्यानं वाजत असते. वरून जाणाऱ्या पाखरांना वाटतं, खाली आपली जात आहे, चारा आहे, जागा सुरक्षित आहे. ती उतरतात. उजाडताना पकडणारे बोळाच्या एका टोकाला उभे राहून झाडीवर मुठी-मुठीनं खडी भिरकावतात, पाखरं दचकून उठतात आणि सरळ जाळ्यात जातात. म्हणून जाळी शोधणारा स्वयंसेवक झाडीजवळ पोचल्यावर आधी जमिनीकडे बघतो. खडी दिसली, तर जाळं आज नसलं तरी उद्या लागणार.

जाळं जात पाहत नाही. ब्लॅककॅपबरोबर त्यात घुबडं, खंड्या, माशीमार, बुलबुलांच्या आकाराची पाखरं, जे सापडेल ते येतं. सायप्रसमध्ये अशा सापळ्यांत दीडशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. ज्यांना बाजारभाव नाही त्यांना मारून बाजूला टाकतात.

या सगळ्याविरुद्ध उभे असलेले लोक दोन प्रकारचे आहेत आणि दोघांचं नेहमी पटतंच असं नाही. पहिले मोजणारे. बर्डलाइफ सायप्रस ही संस्था ब्रिटनच्या आरएसपीबी या पक्षीसंस्थेच्या मदतीनं २००२ पासून एकाच पद्धतीनं पाहणी करत आली आहे. नकाशावर एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन निवडायचे, दर हंगामात त्यांत फिरायचं, जाळ्यांच्या आणि कापलेल्या बोळांच्या खुणा टिपायच्या. इथं हस्तक्षेप करायचा नाही. जाळं दिसलं तरी हात लावायचा नाही, फक्त नोंद करायची आणि पोलिसांना कळवायचं. डोळ्यांदेखत पाखरू फडफडत असताना वहीत आकडा लिहिणं निर्दयपणाचं वाटेल. पण हे आकडे नसते तर ‘कुठंतरी थोडंफार पकडतात’ एवढंच सरकारी उत्तर मिळत राहिलं असतं.

दुसरे सोडवणारे. जर्मनीत १९७५ मध्ये ‘पक्षीहत्याविरोधी समिती’ स्थापन झाली. सीएबीएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. ती दर वसंतात आणि शरदात सायप्रसमध्ये शिबिर भरवते. वेगवेगळ्या देशांतले शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसं एक-दोन आठवड्यांची सुटी काढून येतात. दिवसा दोघा-तिघांची तुकडी बागा धुंडाळते. रात्री टेकडीवर गाडी थांबवून, दिवे मालवून, कान देऊन बसायचं. ब्लॅककॅप रात्री उडतो, पण झाडात बसून एकाच जागी, एकाच पट्टीत तासन्‌तास गात नाही. तसं ऐकू आलं की यंत्र आहे हे नक्की. दिशा धरायची, नकाशावर ठिकाण टाकायचं, पोलिसांना फोन करायचा आणि ते येईपर्यंत लपून राहायचं. पकडणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा शिबिराचा पक्का नियम.

काठीवरचं पाखरू सोडवणं हे नाजूक काम आहे. ओढलं तर पिसं उपटून येतात, कधी पायच निखळतो. आधी काठीच कापून घ्यायची, मग पाखरू मुठीत धरून एकेक पीस अलग करायचं. भोकराच्या चिकट्यावर माणसाची लाळ चांगली चालते. म्हणून मुरलेले स्वयंसेवक पंखाचं टोक सरळ तोंडात धरतात आणि लाळेनं चिकटा सैल करतात. सुटलेलं पाखरू लगेच उडेल असं नाही. शेपटीची पिसं गेलेली असली तर ते जवळच्या झुडपात शिरून बसून राहतं.

या लोकांनी मारही खाल्ला आहे. अमेरिकन कादंबरीकार जोनाथन फ्रॅन्झन २०१० मध्ये सीएबीएसच्या तुकडीबरोबर सायप्रसच्या बागांमधून हिंडले. त्या वेळी पकडणाऱ्यांनी तुकडीवर हल्ला केला. ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्यांनी यावर जो दीर्घ लेख लिहिला, त्यामुळे अंबेलोपूलिया हा शब्द युरोपाबाहेर पहिल्यांदा मोठ्या वाचकवर्गापर्यंत गेला. पुढे त्यावर माहितीपटही निघाला.

धेकेलियाचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण तिथं आकडे चढताना आणि उतरताना दोन्ही दिसले. तळाच्या अधिकाऱ्यांनी बाभळी तोडायला सुरुवात केली, तेव्हा २०१६ मध्ये स्थानिकांनी सैनिकांची वाट अडवली. त्याच शरद ऋतूत एकट्या या तळाच्या हद्दीत आठ लाखांहून अधिक पाखरं मारली गेल्याचा अंदाज निघाला. त्यानंतर पोलिसांनी रात्री बघणारे ड्रोन उडवले, आरएसपीबीच्या माणसांनी झाडीत कॅमेरे लपवले. चित्रफिती न्यायालयात गेल्या, शिक्षा झाल्या. २०१७ चा अंदाज दोन लाख साठ हजारांवर आला, २०१८ चा सुमारे एक लाख एकवीस हजारांवर. कायदा तोच, बेट तेच. बदललं ते एवढंच, की कुणीतरी बघतं आहे हे पकडणाऱ्यांना कळलं.

उलट दिशेचा धडाही सायप्रसनंच दिला. २०२० च्या अखेरीस तिथल्या संसदेनं नियम सैल केले. ठराविक जातींची पन्नासपर्यंत पाखरं सापडली तर जागेवरचा दंड २००० युरोंवरून २०० युरोंवर आणला. साठ युरोंची प्लेट धरली तर हा दंड चाळीस पाखरांत वसूल होतो.

सायप्रस एकटं नाही. इटलीत सिसिली आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवरून दर वसंतात शिकारी पक्ष्यांची रीघ लागते. तिथं एक समजूत होती, की ज्या पुरुषानं वर्षातून एक तरी मोहोळघार पाडली नाही, त्याची बायको त्याला फसवते. त्या समजुतीपायी किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या चौक्यांतून बंदुका चालत. आन्ना जोर्दानो १९८१ मध्ये पंधरा वर्षांच्या होत्या. हा संहार पाहिल्यावर त्यांनी पोलिसांना फोन करायला आणि पक्षी मोजायला सुरुवात केली. पुढे स्वयंसेवकांची शिबिरं उभी राहिली. जोर्दानो यांची गाडी जाळली गेली, धमक्या आल्या. १९९८ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या टेकड्यांवर आज दुर्बिणी घेतलेले लोक बंदूकवाल्यांहून कितीतरी जास्त दिसतात.

उत्तर इटलीत ब्रेशियाच्या डोंगरदऱ्यांत सापळा वेगळा. ‘आर्केत्तो’ म्हणजे वाकवलेल्या हेझलच्या फोकाचा धनुष्यासारखा फास. दोरीच्या गाठीशी रोवनची लाल फळं लावतात. रॉबिन बसला की फोक सरळ होतो, दोरी आवळते आणि पाखराचे दोन्ही पाय मोडतात. ते जिवंत लटकत राहतं, तासन्‌तास. हे पाहणं लाशाहूनही कठीण असावं. दर ऑक्टोबरात स्वयंसेवक रांगेनं जंगल विंचरतात. एकेका हंगामात असे हजारो फास गोळा होत. आता संख्या बरीच घटली आहे. इटालियन वनपोलीसही त्याच महिन्यात आपली मोहीम काढतात, तिचं नाव ‘ऑपरेशन पेत्तिरोस्सो’, म्हणजे रॉबिन. माल्टात जाळी मुख्यतः गाणाऱ्या फिंच पाखरांसाठी लागतात, पिंजऱ्यात ठेवायला. त्यावर युरोपीय न्यायालयानं २०१८ मध्ये माल्टाविरुद्ध निकाल दिला. मग सरकारनं ‘संशोधना’च्या नावाखाली तीच परवानगी पुन्हा काढली आणि २०२४ मध्ये तीही न्यायालयात टिकली नाही. साऱ्या भूमध्य परिसराचा हिशेब बर्डलाइफ इंटरनॅशनलनं २०१५ मध्ये मांडला: वर्षाला एक कोटी दहा लाख ते तीन कोटी साठ लाख पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात.

भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण नागालँडचं आहे आणि ते महाराष्ट्राच्या आकाशाशीही जोडलेलं आहे. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा पक्षी सैबेरिया-उत्तर चीनमधून निघून दक्षिण आफ्रिकेत जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वोखा जिल्ह्यातल्या दोयांग धरणाकाठी लाखोंनी उतरतो आणि वाळवीच्या पंखधारी किड्यांवर ताव मारतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये पत्रकार बानो हरालू, पक्षी-अभ्यासक शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू पांगती गावाजवळ पोचले, तेव्हा मासेमारीची जाळी उंच खांबांवर झाडांमध्ये ताणलेली होती. त्यांच्या अंदाजानं दिवसाला १२ ते १४ हजार ससाणे पकडले जात होते. पिसं काढून, धुरावर वाळवून ते बाजारात जात. त्यांची चित्रफीत जगभर गेली.

आणि २०१३ च्या हंगामात एकही जाळं लागलं नाही. एका वर्षात! भूमध्याच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षांत जे झालं नाही ते इथं कसं झालं? याचं उत्तर जमिनीच्या मालकीत आहे असं मला वाटतं. नागालँडमध्ये बहुतेक जंगल सरकारचं नसतं, गावाचं असतं. पांगतीच्या ग्रामसभेनं बंदी घातली तर ती शेजाऱ्यानं शेजाऱ्याला घातलेली बंदी असते. चर्चमध्ये प्रवचनं झाली, शाळांतून मुलांची पर्यावरण मंडळं निघाली, ग्रामसभेनं दंड ठरवला. ज्यांनी आदल्या वर्षी जाळी लावली होती त्यांच्यातलेच लोक राखणीच्या पाळ्या करू लागले. सायप्रसमध्ये आलेला जर्मन शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी तिथं तो पाहुणाच. तो साक्षीदार होऊ शकतो, ग्रामसभा होऊ शकत नाही. पांगतीकरांना मात्र हंगामाच्या कमाईवर पाणी सोडावं लागलं आणि पर्यटनाचा पैसा तितक्या भरभर आला नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे.

नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे, सूर्यप्रकाशावर चालणारे उपग्रह-संदेशक बसवले. नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून थेट सोमालियाकडे जाणारी त्यांची वाट नकाशावर प्रथमच उमटली. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबरच्या शेवटी पक्षीनिरीक्षकांना अमूर ससाणे दिसतात ते याच वाटेवरचे.

शेजारच्या मणिपूरमध्ये गोष्ट इतकी सरळ झाली नाही. २०१८ मध्ये तामेंगलाँग जिल्ह्यात संदेशक लावलेल्या एका ससाण्याला राज्याचंच नाव दिलं होतं, मणिपूर. काही दिवसांतच तो छऱ्यानं मारला गेलेला सापडला. तेव्हापासून तिथं हंगामाआधी जिल्हा प्रशासन शिकारबंदीचा आदेश काढतं, एअरगन जमा करून घेतल्या जातात आणि गावातली पोरं रात्री थांब्यांच्या झाडीभोवती फेऱ्या मारतात.